अजून आहे त्यात

"अजून आहे त्यात," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातली टूथपेस्टची नळी काढून घेतली.

त्या नळीवर मी सकाळी दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून पाहिला होता. विद्याधरने दाढी करता करता लावला होता. आमच्या दोघांच्या पदव्या धरून सांगते, ती नळी संपलेली होती. आत्याबाईंनी ती पोळपाटावर आडवी घातली, शेपटाकडून तोंडाकडे लाटणं फिरवलं, मग विळीवर धरून तिचं पोट उभं चिरलं. आत होतं. तीन माणसांना दोन दिवस पुरेल एवढं होतं.

"बघ. आणि तू टाकायला निघाली होतीस."

सुरात आरोप नव्हता. एखाद्याला मांजराच्या तोंडातून चिमणीचं पिल्लू सोडवल्यावर जसा आनंद व्हावा तसा त्यांना झाला होता.

ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विद्याधर तेव्हा धरणावर डेप्युटी इंजिनिअर होता आणि आम्ही धरणाच्या कॉलनीत बी टाइप क्वार्टरमध्ये राहत होतो. सगळ्यात जवळचं दुकान घाट उतरून अठरा किलोमीटरवर, त्यामुळे आत्याबाईंच्या काटकसरीला भूगोलाचा पाठिंबा होता. पण त्या दुकानाच्या माडीवर राहत असत्या तरी त्यांनी हेच केलं असतं. आमच्या न्हाणीघरात शाम्पूची बाटली स्टीलच्या पेल्यात कायम शीर्षासन करून उभी असे. खोबरेल तेलाची बाटली थंडीत अंगणात उन्हाला पालथी. पावडरचा डबा संपला की त्याचा तळ ठोकून निघालेली चिमूट कॅरमबोर्डला जाई. माझी लिपस्टिक कडेच्या खाली गेली की आत्याबाई ती केसांच्या आकड्याने कोरून काढत, तुपाच्या थेंबाबरोबर वाटीत वितळवत आणि डबीत भरून मला परत देत. स्वतः त्यांनी आयुष्यात ओठाला काही लावलं नव्हतं. वाळत आलेल्या नेलपॉलिशने घरातल्या सगळ्या किल्ल्यांवर ठिपके होते. कोठीघराची लाल, कपाटाची गुलाबी.

रिकामी म्हणून कोणतीही वस्तू केरात जाण्याआधी आत्याबाई ती एकदा उलटी करत, तळहातावर आपटत आणि वाट बघत. ही वाट बघणं महत्त्वाचं. आपण लगेच सरळ करतो, त्या करत नसत.

आत्याबाई म्हणजे विद्याधरची आत्या. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या, पुढे भावजय वारली आणि तिची दोन मुलं त्यांनी वाढवली. थोरले मुरलीधर भाऊजी सोलापुरात बँकेत होते. धाकटा विद्याधर माझ्या वाट्याला आला आणि त्याच्याबरोबर आत्याबाई.

त्यांना जगात एकाच गोष्टीची भीती होती. सोलापूरची.

"उन्हाळ्याचं काही नाही गं," त्या म्हणायच्या. "नलिनी मला नुसतं बसवून ठेवते. चांगली आहे, फार चांगली आहे. सकाळी उठले की म्हणते, आत्या, तुम्ही बसा. दुपारी म्हणते, बसा हो. तीन महिने बसले मी तिथं. मला इथंच राहू दे हं, ज्योत्स्ना."

"तुम्हाला कोण पाठवतंय?" मी म्हणायची. आणि मनापासून म्हणायची. त्या होत्या म्हणून मी सकाळी साडेसातपर्यंत झोपू शकत होते.

कॉलनीत आम्ही नवे होतो. तिथल्या बायकांना स्वतःची नावं असत, पण ती माहेरी वापरायला. कॉलनीत नवऱ्याच्या हुद्द्यावरून ओळख. सगळ्यांच्या वर रणनवरे वहिनी, ई.ई. साहेबांच्या म्हणजे कार्यकारी अभियंत्यांच्या पत्नी. विद्याधरचा वर्षाअखेरचा गोपनीय शेरा रणनवरे साहेब लिहीत आणि तो कसा लिहायचा हे, कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनी सांगत. अशा वातावरणात माझ्या घरचं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू यायचं होतं.

हळदीकुंकवाबद्दल माझी मतं पुरोगामी होती. विधवांना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही या विषयावर कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं होतं. बोलवावं, या बाजूने. बक्षिसाचा पेला त्या क्वार्टरमध्ये शोकेसमध्ये होता. आत्याबाई दर शनिवारी तो चिंचेने घासत.

संक्रांतीच्या आधी चार दिवस त्यांनी मला कोठीघरात बोलावलं. लोखंडी पेटीचं झाकण उघडलं आणि वरचं धडपं बाजूला केलं.

"ओळख बघू."

आत आंबे होते. तळहाताएवढे, चपटे, फिकट पिवळे, मधून मधून गुलाबी आणि हिरव्या रेघा. वाळ्याचा वास येत होता.

"बर्फी?"

"फसलीस!" आत्याबाई हसायला लागल्या. "साबण आहेत साबण! बत्तीस आहेत. तुझ्या यादीत बत्तीसच बायका ना? वाणाला केलेत."

"तुम्ही केलेत? कशाचे?"

"आपल्याच चकत्या की. साबण झिजून पापडी होते ना, ती मी कधी टाकली नाही. पण त्यांनी भागेना. मग आय.बी.तल्या खानसाम्याला सांगितलं. तिथं साहेबलोक येतात, एकदा अंघोळ करतात आणि नवी वडी तशीच सोडून जातात. सगळं किसलं, वाफेवर वितळवलं, वाळा घातला, कचोरा घातला आणि आईच्या आंबाबर्फीच्या साच्यात थापलं. दिवाळीपासून लागलेय मी."

आय.बी. म्हणजे इन्स्पेक्शन बंगला, धरणावर येणाऱ्या अधिकाऱ्यांची उतरायची जागा. माझ्या डोळ्यांपुढे सगळा प्रवास उभा राहिला. चीफ इंजिनिअर साहेबांनी काखेला लावलेला साबण मी ई.ई. साहेबांच्या पत्नीला वाण म्हणून देणार. सरकारी कागदसुद्धा इतका सरळ वरून खाली येत नसे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. वितळवून पुन्हा पाडलेला साबण स्वच्छ असतो, हे मला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, तरीही.

"मला काही वाण लुटता यायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या. हे त्यांनी आज अमावास्या आहे अशा थाटात सांगितलं. "तुझ्या हातनं दे. माझं नावही नको सांगूस. नुसतं ऐकून ठेव काय काय म्हणतात ते."

तेव्हाच 'नको' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "छान झालेत."

क्रीमच्या बत्तीस डब्या साताऱ्याहून आधीच येऊन पडल्या होत्या. माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे. त्याची किल्ली गुलाबी ठिपक्याची.

हळदीकुंकवाच्या दुपारी आत्याबाईंनी ते साबण कागदात गुंडाळले. जुन्या लग्नपत्रिकांच्या आतल्या बाजूचे सोनेरी, चकचकीत कागद त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवले होते, ते त्या दिवशी निघाले. परात भरून त्यांनी माझ्या हातात दिली, दाराला पडदा ओढला आणि आत तिळगुळाच्या वाट्या भरायला बसल्या. मी परात झोपायच्या खोलीत नेली, पलंगाखाली सरकवली आणि क्रीमच्या डब्या बाहेर आणल्या. त्या पडद्याचे मी त्या संध्याकाळी मनातल्या मनात फार आभार मानले.

बायका नटूनथटून आल्या, उखाणे झाले. रणनवरे वहिनींनी डबी उघडून हुंगली, म्हणाल्या, "हं, चांगली आहे कंपनी." मी कृतकृत्य झाले.

सगळ्या गेल्यावर आत्याबाई पडद्याबाहेर आल्या. पदराला हात पुसत होत्या. हात कोरडे होते.

"काय म्हणाल्या?"

"आवडले."

"असं नाही. नीट सांग. रणनवरेबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, असा वास बाजारच्या साबणाला नसतो."

"अस्संच म्हणाल्या?"

"अगदी."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. मग पोंक्षेबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मग घाटग्यांची सून, ती आंबा खायलाच निघाली होती. आत्याबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. खोटं बोलताना माझं भाषण खुलतं, हे वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांनीही लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई पूजेला बसल्या असताना मी ती परात आमच्या कामवाल्या हौसाच्या पिशवीत रिकामी केली.

"भांड्यांना वापर."

हौसाने एक पुडकं उघडून हुंगलं. "वैनी, ह्यो तर अंगाचा हाय. ह्यो भांड्यांला?"

"कशालाही वापर गं. आणि आजींना बोलू नकोस."

हौसाने मान हलवली. मी ती मान होकाराची धरली.

पुढचे पंधरा-वीस दिवस बरे गेले. मधल्या एका मंगळवारी आत्याबाई दुपारी मारुतीच्या देवळात जाऊन येते म्हणाल्या आणि दिवेलागणीलाच परत आल्या, एवढंच काय ते वेगळं. साबणाचं पुन्हा कधी निघालं नाही. मला वाटलं, विषय संपला.

रथसप्तमीला रणनवरे वहिनी अचानक आमच्याकडे आल्या. बी टाइपमध्ये त्या सहसा येत नसत, म्हणून मी सोफ्याचे अभ्रे बदलावेत की काय या विचारात निम्मी उभीच होते. इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं आणि आत्याबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. पाहुण्यांसमोर त्या कधी येत नसत. ट्रे दारातून माझ्या हातात देत.

त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला. पण परत गेल्या नाहीत.

"रणनवरेबाई," त्या म्हणाल्या, "वाणातला तो साबण कसा वाटला हो? वास टिकला का?"

बोलल्या त्यांच्याशी. बघत होत्या माझ्याकडे.

"कुठला साबण?" रणनवरे वहिनींनी विचारलं.

मध्ये दोन क्षण गेले असतील. दोन क्षण पुष्कळ असतात. 'वहिनी, आत्याबाईंनी स्वतः साबण केले होते, मी मूर्खासारखे दिले नाहीत' हे वाक्य एवढ्या वेळात दोनदा म्हणून होतं. मी नंतर घड्याळ लावून पाहिलंय.

"साबण कुठला, आत्याबाई?" मी म्हटलं, आणि हसले. "आपण क्रीमच्या डब्या लुटल्या ना? विसरलात?"

आत्याबाई तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत. लगेच वळल्या नाहीत.

"हो का?" शेवटी म्हणाल्या. "विसरले असेन."

आणि आत गेल्या.

रणनवरे वहिनींनी पडदा स्थिर होईपर्यंत थांबून आवाज खाली आणला. "कधीपासून होतंय हे?"

इथेही थांबता आलं असतं.

"दिवाळीपासून," मी म्हटलं. "थोडं थोडं."

दिवाळीपासून, हा तपशील माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. तो कुठून आला हेही मला पक्कं ठाऊक आहे. दिवाळीपासून लागलेय मी, असं त्याच म्हणाल्या होत्या. मी त्यांचीच उरलेली चकती उचलून वितळवली होती.

"आमच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या हातावर होता. ई.ई. साहेबांच्या पत्नीचा हात माझ्या हातावर! "सांभाळ गं बाई. गॅस तेवढा त्यांच्या हातात देऊ नकोस."

त्या रात्री जेवताना त्यांनी ते साहेबांना सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी साहेबांनी विद्याधरला केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन, वडिलकीने चार गोष्टी सांगितल्या. विद्याधर घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुला काळजी नको म्हणून."

"माझी आत्या आहे ती, ज्योत्स्ना!" तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी दिवसभर धरणाच्या भिंतीला कुठे भेग पडली ते बघत हिंडतो आणि घरात..."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बायकोने ठेवावा तसा.

मग एकेक गोष्ट आत्याबाईंच्या हातून निघाली. आधी गॅस, मग न्हाणीघरातला बंब, मग किल्ल्या. त्यांना किल्ल्या ठिपक्यांवरून अंधारातही ओळखू येत होत्या, पण धोका कशाला घ्या. कॉलनीच्या दवाखान्यात नवे डॉक्टर होते, तरुण आणि कर्तव्यदक्ष. त्यांनी कागद पुढे ओढला.

"आजी, आज तारीख किती?"

"माघ वद्य तृतीया."

"तारीख, आजी. तारीख सांगा."

"तेच सांगतेय की. उद्या संकष्टी."

डॉक्टरांनी लिहिलं: तारीख सांगता येत नाही.

त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, माघ वद्य ३. माझी नजर तेव्हा उत्तम होती. मी ते वाचलं आणि पर्सची चेन लावली.

आत्याबाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, विद्याधरला बाजूला घेऊन काही सांगितलं नाही. विद्याधरचा त्यांच्यावर इतका जीव, सांगितलं असतं तर त्याने ऐकलंही असतं. त्या नुसत्या बसू लागल्या. हॉलमधल्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. मी न्हाणीघरातली शाम्पूची बाटली सरळ उभी केली तेव्हाही काही म्हणाल्या नाहीत.

होळीच्या सुट्टीत मुरलीधर भाऊजी आले. सोलापुरात मोठे डॉक्टर आहेत, घरात सोबत आहे, इथे घाटात रात्री-अपरात्री काय करणार, असं सगळं ठरलं. सगळे बरोबरच बोलत होते. त्या घरात फक्त दोघींना ठाऊक होतं की बरोबर नाही. त्यांतली एक गाडीत बसली आणि दुसरीने तिच्या हातात प्रवासाची पाण्याची बाटली दिली.

"येते," आत्याबाई म्हणाल्या.

"या," मी म्हटलं.

विद्याधरचा शेरा त्या वर्षी 'अत्युत्कृष्ट' आला.

पाडव्याच्या सुमाराची गोष्ट. हौसा अंगणात भांडी घासत होती, मी तांदूळ निवडत बसले होते.

"आजी न्हाईत तर घर कसं मोकळं मोकळं वाटतंय," हौसा म्हणाली. "म्या त्यांच्यासाठी एक साबन राखून ठिवला व्हता. द्यायचाच ऱ्हायला."

"कसला साबण?"

"आवं वैनी, तुमीच दिल्याला की. आंब्याचा. म्या कसली भांडी घासतीय त्येनं! वस्तीत माजं हळदीकुकू केलं त्येच्यावर. असलं वाण आमच्यात कुनी लुटलं न्हवतं. बाया अजून इचारत्यात."

मी तांदळात खडा शोधत होते. "आजींना हे ठाऊक होतं?"

"तर! म्याच बोलावलं त्यान्ला. तुमी बोलू नगं म्हनला व्हता, पर मला ऱ्हावंना. त्येंनी केल्याल्या वस्तूचं हळदीकुकू आन त्येच न्हाईत, कसं दिसतंय ते? आमच्यात येवढं बगत न्हाईत, वैनी. मंगळवार व्हता. आल्या की. पैला साबन त्यांच्याच हातनं दिला. हळद लावून घेतली, कुकू नगं म्हनल्या. सगळ्या बायांस्नी वास कसा हाय, वास कसा हाय, इचारीत फिरल्या." हौसाने कढई पालथी घातली. "म्या म्हनलं, आजी, वैनी तुमच्याशी खोटं बोलल्या, रागावू नका. तर म्हनल्या, न्हाई गं. सांगंल ती आपन हून. मी एकदा इचारून बगीन."

मारुतीचं देऊळ. मंगळवार.

म्हणजे रथसप्तमीला चहाचा ट्रे घेऊन आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. रणनवरेबाईंनी तो साबण पाहिलासुद्धा नाही, हे ठाऊक होतं. साबणाचा वास टिकला की नाही हेही वस्तीतल्या बायकांनी त्यांना सांगून झालं होतं. त्यांना त्यातलं काही विचारायचं नव्हतं. केरात टाकण्याआधी त्या कुठलीही वस्तू एकदा उलटी करून, आपटून, वाट बघत. त्या दुपारी त्यांनी मला उलटं केलं होतं आणि वाट बघितली होती.

मे महिन्यात मी एका लग्नाचं निमित्त काढून एकटीच सोलापूरला गेले. वाटेत साबणाची एक वडी घेतली. चंदनाची, चांगली, जाड कागदात गुंडाळलेली. एस.टी.त पाच तास मी वाक्य पाठ करत होते. पाठांतरात मी चांगली आहे.

नलिनीवहिनींचं घर तिसऱ्या मजल्यावर. आत्याबाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण पातळ नीट चापून नेसलेलं.

"ओळखतात गं सगळ्यांना," नलिनीवहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. "तशा काही त्रास नाही देत. बसून असतात." मग मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, "आत्या, शिरा केलाय हं! ज्योत्स्ना आलीय ना!"

"आज एकादशी," आत्याबाई म्हणाल्या.

नलिनीवहिनी आत जाऊन कॅलेंडर बघून आल्या. "अगबाई, आहे की! आठवतं मधूनच." आणि माझ्यासाठी बशी भरायला गेल्या.

आम्ही दोघी उरलो. खाली कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मी पर्समधून साबण काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बघितलं. घेतला नाही, ढकलला नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. "हौसाने मला सांगितलं. ते साबण... मी दिलेच नाहीत. आणि मग वहिनींसमोर मी तसं... तुम्ही काही विसरला नव्हतात. मी विद्याधरला सगळं सांगते. आजच फोन करते. तुम्ही चला परत. चला ना."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. दृष्टी स्वच्छ होती. त्या दृष्टीला टूथपेस्टच्या नळीत दोन दिवस दिसले होते.

"कुठला साबण?" त्या म्हणाल्या.

खरं लिहायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. फोन करायला नको होता. तो मी केला नाही. विद्याधरला मी हे सगळं सांगितलं, पण तेव्हा आत्याबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. ऐकून तो उठला आणि स्वतःचं ताट स्वतः धुतलं. तेव्हापासून रोज धुतो.

पण ते नंतर. त्या दुपारी आत्याबाईंनी मांडीवरची वडी उचलली. तिचा कागद सोडवला, एकाच ओढीत, फाडून. ज्या बाईने तीस वर्षांच्या लग्नपत्रिकांचे कागद इस्त्री करावेत तसे जपले होते, तिने तो जाड, गुळगुळीत कागद मुठीत चुरगळला आणि खुर्चीशेजारच्या केराच्या टोपलीत टाकला. साबण मात्र तसाच उघडा गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, उन्हात.

मला राहवलं नाही. वाकून मी टोपलीतून तो कागद काढला आणि मांडीवर सरळ करू लागले. चंदनाचा वास भरून होता त्याला. पातळांच्या घडीत ठेवला असता तर वर्षभर पुरला असता.

"टाक ते," आत्याबाई म्हणाल्या. "काही नाही त्यात."